पऱ्हाटीच्या कुडामागचं पाणी

कापसाला सोन्याचा भाव आला त्या वर्षांतल्या अमरावतीबद्दल मी बोलू लागलो की माझी सून पदराआड हसते आणि नातू एकमेकांना कोपरानं ढोसतात. हसू द्या. त्यांनी तो बाजार पाहिलेला नाही. मी पाहिलाय, आणि पाहिलं त्यातलं निम्मंच सांगतो, कारण पुरतं सांगितलं तर खोटं वाटेल.

साता समुद्रापलीकडे गोरे गोऱ्यांशीच लढायला लागले, तिकडचा कापूस अडला, आणि विलायतेच्या गिरण्यांनी मान वळवली ती थेट आमच्या काळ्या मातीकडे. मग काय विचारता. लोकांनी गाद्या उसवल्या, उशा उसवल्या. एका पाटलानं लेकीबरोबर सासरी धाडलेली रजाई विहिणीकडून परत मागवली आणि आतला कापूस काढून घेऊन नुसती खोळ सन्मानानं परत पाठवली. भातकुलीकडच्या एका गृहस्थानं बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या बसवल्या. त्या इतक्या जड की बैल सदा जमिनीकडे बघत चालायचे. लोक म्हणायचे, बैल मोठे नम्र आहेत. नम्र कुठले, मानेला रग लागलेली. आणि गाड्यांची दाटी किती, तर नांदगाव पेठेला एक मांजर कापसाच्या गाडीवर चढलं, ते गाडीवरून गाडीवर उड्या टाकत, जमिनीला पाय न लावता, अमरावतीच्या बाजारात उतरलं. ते मांजर पुढं आमच्याच आळीत राहिलं, म्हणून मला माहीत.

पैसा असा वाहत होता. वाहत नव्हतं ते पाणी. बाजारालगतच्या विहिरींना होळीनंतर तळ दिसायचा, आणि जे उरायचं ते मचूळ. दर्यापूर-भातकुलीच्या पट्ट्यातून येणारे गाडीवान तर जन्मभर खारं पाणी पिऊन आलेले. त्यांच्या घामानं भाजीला मीठ लागलं असतं. गोडं पाणी होतं ते नांदगावच्या वाटेवरच्या एका मळ्यात, गावापासून चांगलं लांब. गाडीवान आपला नंबर येईतो उन्हात ताटकळायचे. कापूस सोडून जायची सोय नाही, कारण मागं वळून पाहीतो गाडी हलकी व्हायची.

त्या गाडीवानांसाठी माझ्या मोठीमायनं, म्हणजे माझ्या थोरल्या चुलतीनं, बाजाराच्या तोंडाशी पाणपोई घातली होती. तिचं कारणही सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. माझे मोठेबाबा, म्हणजे तिचे यजमान, कापसाच्या गाड्या घेऊन अकोल्यावरून पुढं, आगगाडी जिथवर आली होती तिथवर जायचे. उन्हाळाभर वाटेवर. मोठीमायनं संकल्प सोडला होता की होळीपासून मृग लागेपर्यंत आपल्या रांजणातलं पाणी तहानलेल्याला मिळत राहील, त्यात खंड पडणार नाही. "मी इथं कोनाच्या घरच्याले पाजीन," ती म्हणायची, "त तिकडं कोनी माह्या घरच्याले पाजंन. इथलं पानी थांबलं का तिकडची वाट कोरडी पडली समज." यावर वाद घालणारा माणूस अमरावतीत जन्मला नव्हता. मीही घातला नाही, आणि मी तेव्हा तालमीत असा पहिलवान होतो की माझी सावली पडली तरी लहानसहान गडी चीत व्हायचे.

पाणपोईची तिची एक रीत होती. समोर पऱ्हाटीचा उंच कूड. कापूस वेचून उरलेल्या काड्या घट्ट बांधून उभा केलेला, आतलं बाहेर दिसायचं नाही आणि बाहेरचं आत. कुडाच्या मधून चिरलेल्या बांबूची एक लांब पन्हळ बाहेर काढलेली. बाहेर गाडीवान उकिडवा बसायचा, ओंजळ धरायचा, खाकरायचा. आतून धार सुरू. ओंजळ उचलली की धार बंद. पाजणाऱ्यानं तोंड पाहायचं नाही, पिणाऱ्यानं हात पाहायचे नाहीत.

"देनारा दिसला का पानी जड होते," मोठीमाय म्हणायची.

त्या कुडाचा आणखी एक गुण होता, तो कोणी बोलून दाखवत नसे. आत पाणी ओतायला मी असायचो, तालमीतली पोरं असायची, आणि एक पिंजारी चाचा असायचे. चाचांचा धंदा कापसानंच बसवला होता. गाद्या उसवून विकणाऱ्या गावात पिंजायला काय उरणार? धनुकली खुंटीला टांगून ते पाणपोईवर येऊन बसले आणि तिथलेच झाले. बाहेर त्याच पन्हळीला गावच्या पाटलाचीही ओंजळ लागायची आणि गावच्या विहिरीवर ज्याला पायरी चढू देत नसत त्याचीही लागायची. सगळ्या बाजाराला हे माहीत होतं, आणि कोणालाच माहीत नव्हतं. कूड होता ना.

अशी दोन वर्षं सुखात गेली. तिसऱ्या उन्हाळ्यात आमच्यावर कमिटीची मर्जी बसली.

गावात तेव्हा नवी कमिटी आली होती. म्युनिसिपालटी म्हणायला अजून जिभा वळत नव्हत्या, नुसतीच कमिटी. तिचे कारभारी पुण्याकडचे. माणूस सरळ, कामाचा, अंगरख्याला सुरकुती नाही. एका दुपारी ते घामाघूम होऊन आले, आमच्या पन्हळीला ओंजळ लावली, प्याले, पुन्हा प्याले, आणि कुडाला वळसा घालून आत आले.

"हे काम कोणाचं?" त्यांनी विचारलं.

"पान्याचं," मोठीमाय म्हणाली.

"तसं नव्हे बाई. हे चालवतं कोण? पगार कोण देतं?"

"पगार?" चाचा हसले. "साहेब, पगार अल्ला देते. लेकिन उधार ठेवते."

कारभारी खूश झाले. खरंच खूश झाले. डोळ्यांत पाणी आलं होतं त्यांच्या, आणि ते आमच्यातलंच होतं. म्हणाले, "लोक आपणहून इतकं करतात आणि कमिटी हातावर हात ठेवून बसते, हे शोभत नाही. सेवेकऱ्यांना आश्रय दिला पाहिजे."

आणि दिला. उगाच नावं ठेवणार नाही. कमिटीनं पाणी वाहायला गाडी दिली, बैलांची जोडी दिली, कडब्यात बसवलेले मोठे माठ दिले. बैल असे धिप्पाड की पहिल्या दिवशी मळेवाल्यानं त्यांना रामराम केला. आजवर आम्ही कावडींनी पाणी आणून खांदे सोलून घेत होतो. त्या गाडीसाठी मी कमिटीच्या पायावर डोकं ठेवलं असतं, कमिटीला पाय असते तर.

पण गाडीमागून पट्टे आले. लाल कापडाचे, छातीवरून तिरपे घालायचे, मधोमध पितळेची चपरास, म्हणजे कमिटीचा बिल्ला, घासून अशी चकचकीत केलेली की पहिल्यांदा घातला तेव्हा समोरून येणारा कावळा आंधळा होऊन झाडाला धडकला. कारभाऱ्यांचं म्हणणं, सेवा करणाऱ्याला लोकांनी ओळखलं पाहिजे, त्याचा मान झाला पाहिजे. म्हणून पट्टा पाहिजेच. आणि कूड काढायचा. चांगलं काम आडोशाला कशाला?

मोठीमायला ते पटलं नाही. पण खरं सांगू, आम्हाला पटलं. पट्टा घालून मी घरी गेलो तर माझी बायको दारातून आत पळाली आणि डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. चाचांना त्यांच्या बीबीनं तीस वर्षांत पहिल्यांदा आप म्हटलं. तालमीतली पोरं तर पट्टा घालून जोर काढायला लागली. कारभारीही उत्साहात होते. त्यांनी अकोल्याच्या कमिटीला आमचा कित्ता कळवला, आणि अकोलेकरांनी लगेच तसेच पट्टे शिवायला टाकले.

दुसऱ्या दिवशी कूड निघाला. आम्ही पट्टे घालून रांगेनं उभे राहिलो, हातात चकचकीत लोटे. रांजण काठोकाठ. पहिली गाडी आली. गाडीवान उतरला, सवयीनं उकिडवा बसला, ओंजळ धरली, वर पाहिलं, आणि ओंजळ आवरून उभा राहिला.

"प्या ना जी," मी म्हणालो.

"नाई. तान नाई."

"ओठ फुटले तुमचे, अन् तान नाई म्हनता?"

"ओठ माहे हायेत. तुले काय करा लागते?"

तो गेला. दुसरा आला, तोही गेला. तिसरा जरा बोलका होता. त्यानं माझ्या छातीवरच्या पितळेकडं बोट केलं. "हे काय हाय?"

"कमिटीचा पट्टा."

"अन् पानी?"

"फुकट."

तो असा हसला की त्याचे बैल वळून पाहायला लागले. "पट्टेवाला अन् फुकट. अबे, आमच्या गावात पट्टेवाला आला होता, म्हने नुसती जमीन पाह्यतो. पाह्यली, अन् सारा बसवला. आज पानी पाजसान, उद्या ओंजळीवर पट्टी बसवसान. मी कायले फसू?"

ही हवा एका प्रहरात बाजारभर झाली. संध्याकाळपर्यंत लोक सांगू लागले की ओंजळ मोठी असेल तर पट्टी जास्त. रुंद पंजाचा एक गाडीवान हात पाठीमागं बांधून आमच्यासमोरून गेला. त्यातच कूड नसल्यामुळं चाचांच्या हातातला लोटा लोकांना दिसला, आणि ओंजळ कोणाकोणाची तेही दिसलं. जे बाजाराला माहीत होतं ते आता बाजारासमोर उघडं पडलं. माहीत असलेलं पचतं हो, दिसलेलं पचत नाही. उरलेसुरले त्यामुळं गेले.

लोक खालच्या डबक्यातलं हिरवट पाणी प्यायला लागले. आमचा रांजण भरलेला. दिवस मावळताना मोठीमाय त्यात वाकून पाहायची, आणि पाणी सकाळी होतं तिथंच. ती रांजणाच्या काठावर बोटांनी टकटक करायची आणि पश्चिमेकडे, अकोल्याच्या वाटेकडे बघत राहायची.

मी एकदा म्हणालो, "मोठीमाय, रांजन त भरेल हाय. संकल्प कुठं मोडला?"

"मी रांजनाले पाजायचा संकल्प सोडला होता का रे?" ती म्हणाली. "मानसाले पाजायचा होता. तिकडंबी असाच भरेल रांजन असंल कुठं, अन् तुहे मोठेबाबा त्याच्यापुढून कोरडेच चालले असतील."

मग एका दुपारी एक म्हातारा गाडीवान आमच्यासमोरच गाडीवरून घसरला. ऊन असं होतं की चाकांच्या लोखंडी धावांवर भाकरी शेकली असती. मी लोटा घेऊन धावलो. त्यानं डोळे उघडले, पट्टा पाहिला आणि दात घट्ट मिटले. मी जबडा उघडायला गेलो. अमरावतीचे सगळे मल्ल ज्या हातांना भ्यायचे ते हात त्या म्हाताऱ्याच्या दातांपुढं हरले. तेवढ्यात मोठीमायनं मला बाजूला सारलं, त्याच्या डोळ्यांवर आपला पदर धरला, आणि दुसऱ्या हातानं ओठांना पाणी लावलं. तो गटागटा प्याला.

मोठीमाय उठली. "पट्टे काढा," ती म्हणाली.

"काढले त गाडी जाईन," मी म्हणालो. हे खरं होतं. कारभाऱ्यांचा नियम असा की पट्टा तिथं गाडी. पट्टा नाही तर गाडी परत, बैल परत. आणि गाडी गेली की नांदगावच्या वाटेवरून कावडींनी आता भागणार नव्हतं, कारण तिसऱ्या वर्षी गाड्या दुपटीनं वाढल्या होत्या. पट्टा ठेवला तर कोणी पीत नाही, पट्टा काढला तर पाजायला काही नाही. मी पट्टा अंगावर तसाच ठेवून मळ्याकडं पाणी आणायला गेलो.

परतताना बाजाराच्या अलीकडे नेहमीसारखी गाड्यांची कोंडी. त्या कोंडीत आमची पाण्याची गाडी रोज अर्धा दिवस खायची. माठ तापायचे, पाणी कोमट व्हायचं, आम्ही गाडीवानांकडून बाप काढून घ्यायचो. त्या दिवशी मला घामानं पट्टा असा चिकटला होता की मी तो चिडून काढला आणि आमच्या गाडीच्या एका बैलाच्या शिंगाला अडकवून दिला. तो घसरून त्याच्या कपाळावर आला आणि पितळेची चपरास बरोबर दोन डोळ्यांच्या मधे बसली. बैलानं मान उचलली. शपथेवर सांगतो, त्याच्या चालण्यात फरक पडला.

पुढच्या गाडीवानानं मागं पाहिलं. बैल पाहिला, पितळ पाहिलं, आणि आपल्या पुढच्याला ओरडला, "हट बे, सरकारी बैल येऊन राहिला."

"कोन?"

"बैल. चपराशी बैल. बाजूले घे लवकर, धक्का लागला त कचेरीत नेतीन."

आणि ती दाटी उघडली. ज्या गाड्या तहसीलदाराच्या घोड्याला वाट देत नव्हत्या त्या डावी-उजवीकडे सरकल्या. माझा बैल मधून असा चालला की दुतर्फा लोकांनी मुजरे केले, आणि एकानं तर त्याच्यापुढं जमिनीचा तंटा मांडला. अर्ध्या दिवसाची वाट तंबाखू मळेपर्यंत संपली. पाणी पोचलं ते मळ्यातल्यासारखं गार.

मोठीमायनं बैलाकडं पाहिलं. मग आमच्या छात्यांकडं पाहिलं. काही सांगावं लागलं नाही. चाचांनी आपला पट्टा काढून दुसऱ्या बैलाच्या कपाळावर बांधला आणि म्हणाले, "ले भाई, आता घरी तुलेच आप म्हनतीन." उरलेले पट्टे गाडीच्या दांड्यांना गुंडाळले. त्याच संध्याकाळी पऱ्हाटीचा कूड पुन्हा उभा झाला, पन्हळ बाहेर आली. बाहेर कोणीतरी खाकरलं. आतून धार सुरू झाली. थोड्याच वेळात रांजण रिता होऊ लागला, आणि मोठीमाय त्यात वाकून असं हसली की रांजण घुमला.

कारभारी पाहणीला आले ते दोन-चार दिवसांनी. कूड पाहून त्यांच्या कपाळाला आठी पडली. आत आले, आमच्या उघड्या छात्या पाहून दुसरी पडली.

"पट्टे कुठं आहेत?"

"ज्याचे होते त्याले देले," मोठीमाय म्हणाली.

"म्हणजे?"

तिनं बाहेर बोट केलं. बाहेर दोन बैल कपाळावर पितळ मिरवत रवंथ करत उभे होते.

"बाई, ही कमिटीची थट्टा झाली."

"थट्टा नाई जी. पानी आनते कोन? हे. मेहनत कोनाची? त्याहिची. मान कोनाचा पायजे? आमी त नुसती धार सोडतो. अन् तुमचा पट्टा पाहून मानूस दात मिटते, पन वाट मोकळी करून देते. मंग तो वाटंवरच असू द्या ना."

कारभाऱ्यांनी बाहेर रांगेतल्या ओंजळी पाहिल्या. मग बैल जुंपून पाण्याची गाडी निघाली, ती कोंडीतून सुरीसारखी जाताना पाहिली. ते हुशार गृहस्थ होते, आणि हुशार माणसाला नियम मोडावा लागत नाही, तो नियम वाचतो. म्हणाले, "हुकुमात शब्द असे आहेत की पाणी आणणाऱ्यानं पट्टा घालावा. आणणारा दोन पायांचा की चार पायांचा, ते लिहिलेलं नाही." आणि जाता जाता थांबून म्हणाले, "अकोल्यालाही कळवतो. ते बिचारे पट्टे घालून उभे असतील."

पुढं उन्हाळाभर कमिटीची मदत चालू राहिली. बैलांना चारा, माठांना कडबा, मळेवाल्याशी बोलणी, सगळं कमिटीचं. कुडाच्या बाहेर तिचं नाव नाही आणि आत तिच्याशिवाय पान हलत नाही. कारभारी स्वतः कधीमधी दुपारचे मागल्या बाजूनं येत, अंगरखा खुंटीला लावत, आणि आमच्याबरोबर पन्हळीवर बसत. त्यांच्या हातची धार जरा बारीक असे, पुणेरी. गाडीवान बाहेरून म्हणत, "आत कोन हाय बे, सांड ना मोकळं." कारभारी आमच्याकडं पाहून ओठांवर बोट ठेवत आणि धार वाढवत.

मृगाला थोडे दिवस उरले असताना मी कुडाबाहेर बैल सोडत होतो. मोठीमाय आत पन्हळीवर होती. एक गाडी येऊन थांबली आणि काळवंडलेला, धुळीनं पांढरा झालेला माणूस उतरला. मोठेबाबा. मी पाया पडलो. ते कण्हतच उकिडवे बसले.

"तुही मोठीमाय घरी हाय का?"

"असंल कुठं," मी म्हणालो. कुडामागं काहीच हललं नाही.

"वाट कशी काय होती, मोठेबाबा? पानी भेटलं ना?"

"पान्याचं नको इचारू. अकोल्याची पानपोई मालूम हाय ना तुले? दरसाली पेतो मी तिथं. यंदा जातो त काय, पट्टेवाले उभे. पितळ चमकून राहिलं. म्हने, प्या, फुकट हाय. मी काय येडा हाओ?"

"मंग?"

"मंग काय. जीभ टाळूले चिकटली, डोयापुढं अंधारी आली, पन ओंजळ नाई धरली. तसाच गाडी हाकत गेलो." ते थांबले, ओठ ओले करायचा प्रयत्न केला. "मरतो म्हनलं आता. पन परतताना पाह्यतो, त पट्टेवाले गायब. तिथं आता कूड, अन् कुडातून पन्हळ. पोटभर पेलो. अन् आयक, त्या अकोल्याच्या लोकायनं पट्टे बैलायच्या कपायाले बांधले. असं डोस्कं कोनाचं चाललं असंल, हेच मी वाटभर इचार करून राहिलो."

माझी छाती अशी फुगली की सदऱ्याचे बंद तुटले. ते बंद मी अजून ठेवलेत, कोणाला पाहायचे असतील तर दाखवतो. पण तेव्हा मी काही बोललो नाही, कारण मोठेबाबांनी ओंजळ धरली होती आणि खाकरले होते.

धार आली नाही.

ते पुन्हा खाकरले. "आत कोन हाय?"

आतून बांगड्या तेवढ्या किणकिणल्या, आणि मग पन्हळीतून अशी जाड धार आली की त्यांची ओंजळ भरून, कोपरांवरून ओघळून, धुळीत थेट आमच्या बैलांच्या पायांपर्यंत वाहत गेली.